उसनवारीचा हिशेब

दिवाळी म्हटली की कोणाला फराळ आठवतो, कोणाला मुलांचा किल्ला आठवतो, कोणाला पहाटेच्या अभ्यंगस्नानाची ऊब आठवते. मला वह्या आठवतात. सदतीस वर्षे मी हिशेबनीस म्हणून काढली. ज्या पेढीवर माझ्या नोकरीचा आरंभ झाला तेथे लक्ष्मीपूजनाला कोऱ्या चोपड्या पाटावर मांडीत, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढीत, आणि मालकांपासून शिपायापर्यंत सारे त्या कोऱ्या पानांना हात जोडीत. तेव्हा मला त्यात फारसे काही वाटत नसे. आता वाटते की, ज्या वहीत अजून एकही आकडा पडलेला नाही तिलाच नमस्कार करावा, यात पूर्वजांचे मोठे शहाणपण होते. एकदा आकडे पडू लागले की वही माणसावर अंमल गाजवू लागते. मग तिच्यापुढे वाकणे धोक्याचे असते.

हे सुचण्याचे कारण म्हणजे गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या हातून लिहिली गेलेली एक वही.

पुण्यातील आमच्या सोसायटीत साठ बिऱ्हाडे आहेत. दोन वर्षांपूर्वी तेथील तरुण मंडळींनी जिन्याखालची अडगळीची खोली झाडूनपुसून घेतली आणि तीत एक भांडार उघडले. जी वस्तू वर्षातून दोनचारदा लागते आणि एरवी माळ्यावर धूळ खात पडते, ती ज्याची त्याने तेथे आणून ठेवावी. ज्याला लागेल त्याने वहीत सही करून न्यावी आणि काम झाले की परत आणावी. पाहता पाहता खोली भरली. ॲल्युमिनियमची शिडी आली, भिंतीला भोके पाडण्याचे ड्रिल आले, चकलीचे दोन सोरे आले, सतरंज्या आल्या, पंचवीस पानांच्या भाताचे पातेले आले. आणि एक वृद्ध गृहस्थ वारल्यावर त्यांच्या मुलाने त्यांची चाकांची खुर्चीही आणून ठेवली.

यात नवे काही नाही, असे मी तेव्हा म्हणालो होतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले. वाचण्यासाठी पुस्तक विकत घ्यावेच लागत नाही, ही गोष्ट आपल्या लोकांना शंभरावर वर्षे पटलेली आहे. मग चढण्यासाठी शिडी तरी विकत का घ्यावी? अमेरिकेत बर्कली गावच्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९ पासून पुस्तकांबरोबर हत्यारेही घरी न्यायला देण्यास सुरुवात केली. आपल्या खेड्यांतून सावड होती, इर्जिक होती. एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल मिळून दोघांचीही शेते नांगरली जात. गावजेवणाची मोठी भांडी वर्गणीतून घेऊन देवळात ठेवलेली असत. आणि आपल्या घरोघरीच्या वाट्या-पातेल्यांवर नावे घातलेली असतात ती कशासाठी? भांडे घराबाहेर जाणार, चार घरे हिंडणार आणि परत येणार, हे गृहीत धरूनच त्यावर नाव घातलेले असते. जे भांडे कधी कोणाला द्यावयाचेच नाही त्यावर नाव घालण्याचा खटाटोप कोण करील?

नवे होते ते एवढेच की, या उसनवारीचा हिशेब कार्बनमध्ये मांडावयाचा होता. माझी नात पर्यावरणाचा अभ्यास करते. ती एके दिवशी भांडाराची वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “आजोबा, पाडव्याच्या स्नेहसंमेलनात आम्हाला अहवाल वाचायचा आहे. वस्तू विकत न घेता वाटून वापरल्यामुळे आपल्या सोसायटीने किती कार्बन वाचवला, तेवढा एक आकडा काढून द्या.”

निवृत्त हिशेबनिसापुढे कोणी वही ठेवावी आणि त्याने नाही म्हणावे, हे घडणे नाही.

विषय मला नवा होता, पण त्याचे मूळ तत्त्व समजावयास वेळ लागला नाही. प्रत्येक वस्तूच्या पोटात ती घडवताना झालेला धूर दडलेला असतो. लोखंडाचे खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांची गाठ; भट्टीत कोळशाचा कोक घालून ती गाठ सोडवतात, आणि सुटलेला प्राणवायू कोळशातील कार्बनला घेऊन हवेत जातो. जगाची सरासरी धरली तर एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्याकडे अडीच टनांच्या आसपास. ॲल्युमिनियमची तऱ्हा आणखी खर्चिक आहे. ते खनिजातून वेगळे करण्यास विजेचा प्रवाह लागतो, किलोमागे सुमारे चौदा युनिट. आणि वीज बहुतांशी कोळशाची. त्यामुळे खाणीपासून निघालेल्या एका किलोमागे पंधरा किलो धूर हे जगाचे सर्वसाधारण प्रमाण आहे. आमची शिडी सहा किलोंची. म्हणजे ती घडताना नव्वद किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडला. चाकांची खुर्ची पोलादाची, अठरा किलोंची. नुसत्या धातूचे पंचेचाळीस किलो धरले.

आता पुढचा गुणाकार तरुण मंडळींनी आधीच करून ठेवला होता. वर्षभरात शिडी एक्केचाळीस वेळा दिली गेली. म्हणून एक्केचाळीस शिड्या वाचल्या. एक्केचाळीस गुणिले नव्वद, म्हणजे तीन हजार सहाशे नव्वद किलो! याच रीतीने सोरे, सतरंज्या, ड्रिल, पातेले, खुर्ची या सर्वांची बेरीज केली तर ती नऊ टनांच्या घरात जात होती. भारतात माणशी वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. म्हणजे जिन्याखालच्या एका खोलीने चार-साडेचार माणसांचे वर्षाचे पाप धुऊन काढले होते. इतके स्वस्त पुण्य मी पंढरीच्या वाटेवरही पाहिले नाही.

हिशेबनिसाला स्वस्त गोष्टींचा संशय येतो. मी वहीत एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिले, ‘नसती मिळाली तर?’ मग सकाळ-संध्याकाळ सोसायटीत फिरून ज्याने त्याने जी वस्तू नेली होती त्याला तो प्रश्न विचारू लागलो.

उत्तरे ऐकण्यासारखी होती. शिडी नेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितले की, नसती मिळाली तर टेबलावर स्टूल ठेवून काम भागवले असते. एकाने वॉचमनकडून दुसरी मागून आणली असती. दोघांचा इलेक्ट्रिशियन स्वतःची शिडी घेऊनच येतो. या वेळी ही दिसली म्हणून हीच घेतली. एका वहिनींनी प्रांजळपणे सांगितले, “काका, शिडी मिळाली म्हणून जाळी काढायचं सुचलं, एरवी काढलीच नसती.” विकत आणली असती असे म्हणणारे निघाले तिघे. एक्केचाळीसांतून तीन! म्हणजे शिडीने वाचवले ते तीन नव्वदा दोनशे सत्तर किलो.

सोऱ्याची कथा याहून मौजेची. एक बाई स्वतः त्याच सोसायटीच्या, पण सोऱ्या त्यांच्या बहिणीसाठी. ती राहते तीन किलोमीटरवर, आणि तो न्यायला ती मोटारीतून येते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन ते अडीच किलो कार्बन डायऑक्साइड होतो. जाऊन-येऊन सहा किलोमीटरांत किलोभर धूर. सोऱ्या तो केवढा, आणि त्याच्या पोटातला धूर तो केवढा, दोनचार किलो! नेणे आणि परत आणणे अशा दोनतीन दिवाळ्या झाल्या की नवा घेतला असता तर बरे, अशी पाळी. मी सर्वांच्या फेऱ्या वजा केल्या.

नातीने आणखी एक वजाबाकी सुचवली, आणि ती तिच्या शिक्षणाला शोभणारी होती. शिडीचे जे पैसे वाचले त्यांचे पुढे काय झाले? इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर ग्रंथ लिहून दाखवले की, कमी कोळशात अधिक काम करणारे यंत्र निघाले म्हणजे कोळसा वाचत नाही. काम स्वस्त झाल्यामुळे यंत्रे वाढतात आणि कोळसा आणखी जळतो. वाचलेला पैसा स्वस्थ बसत नाही. आमच्या शिडीवाल्यांपैकी एकाने वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून दिल्लीला विमानाने जाण्याचे ठरवले. एका माणसाचा तो एकेरी प्रवास शंभर किलोंच्या घरात जातो. शिडी तिथल्या तिथे संपली. पण प्रत्येकाचा पैसा कोठे गेला हे विचारीत फिरणे म्हणजे चहाडखोरी झाली असती, म्हणून ही वजाबाकी मी समासात शेरा लिहून सोडून दिली.

शेवटी सारे जमा-नावे होऊन आकडा उरला तो तीनशे चाळीस किलो. नऊ टनांचे तीनशे चाळीस! नात थोडी हिरमुसली. पण ती खरी विद्यार्थिनी आहे, तिने आकडा मान्य केला. मलाही समाधान वाटले. आयुष्यात खोटी वही लिहिली नाही, ती या वयातही लिहिली नाही, असा अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाच्या भरातच माझ्या हातून चूक झाली.

आमच्याकडे पोळ्या करण्यास येणाऱ्या मावशींची सासू श्रावणात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून घरी आणल्यावर भांडारातील चाकांची खुर्ची मावशींनी माझ्या सहीने नेली होती आणि ती दोन महिने त्यांच्याकडेच होती. दिवाळीला पंधरा दिवस असताना तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदाच्या आईची गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. त्यांना खुर्ची हवी होती. “नाही मिळाली तर आजच विकत आणतो, काही अडचण नाही,” असे ते सहज म्हणाले, आणि मी माझ्या रकान्यात पंचेचाळीस किलो लिहिले.

रिवाजाप्रमाणे मावशींनाही मी तो प्रश्न विचारला होता. त्या पोळी लाटीत होत्या. हातातले काम न थांबवता त्या म्हणाल्या, “नसती मिळाली तर काय करणार, काका? उचलून नेलं असतं.”

म्हणजे विकत घेतली नसती. मी त्यांच्या नावापुढे शून्य लिहिले.

आता वही उघडून पाहा. खुर्ची एक. मागणारे दोन. एकाला दिली तर पंचेचाळीस किलो वाचतात. दुसरीला दिली तर काहीच वाचत नाही. भांडाराच्या चालकांची बैठक झाली तेव्हा कोणीतरी म्हणाले की, साहित्य मुळात सभासदांसाठी आहे. दुसरे म्हणाले, शिवाय आता काकांनी शास्त्रशुद्ध हिशेबच मांडला आहे. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “वही तर तसेच सांगते.”

दुसऱ्या दिवशी मावशींना निरोप मीच दिला. त्या “बरं” म्हणाल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा खुर्ची ढकलीत घेऊन आला. ती धुऊन लख्ख केली होती, चाकांना तेल दिले होते, आणि तिच्या बैठकीवर कापडी पिशवीत गावाकडून आलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या.

त्या शेंगा पाहून मी जिन्यातच थांबलो. ते का, हे सांगावयाचे तर मला फार मागे जावे लागेल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचे बिऱ्हाड नारायण पेठेतील एका वाड्यात होते. मी दहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या जागी मातीचा ढीग होता. पर्वतीच्या बाजूला एका आप्तांनी एक खोली दिली. तिच्यात आम्ही पाच माणसे, आणि आमचे स्वतःचे असे काहीही नाही. तवा शेजारचा, बादली समोरच्यांची, स्टोव्ह मालकिणीचा. रोज संध्याकाळी आई मला तवा मागण्यास पाठवी. एकदा त्या घरातील बाई म्हणाल्या, “आमच्या व्हायच्यात अजून, जरा थांब.” यात त्यांचे काही चुकले नाही. मी पायरीवर बसून राहिलो. आतून भाकरीचा वास येत होता. त्यांची मुले जेवताना खिदळत होती. बहुधा आपल्याच एखाद्या गोष्टीला हसत असतील. मला मात्र वाटले की मलाच हसत आहेत. त्या पायरीवर मी मनाशी निश्चय केला की, मोठा झालो म्हणजे आयुष्यात कोणाकडे काही मागणार नाही.

तो निश्चय मी साठ वर्षे पाळला. त्याचे फळ म्हणून आज माझ्या माळ्यावर दोन करवती आहेत, आणि मी जन्मात एक फळी कापलेली नाही. माझ्याकडे शिडी आहे, तीन छत्र्या आहेत, पाहुण्यांसाठी सहा गाद्या आहेत आणि पाहुणे येत नाहीत. या साऱ्याला मी स्वाभिमान म्हणत आलो. कार्बनच्या वहीत तो स्वाभिमान मांडला तर नावे बाजूला मोठी रक्कम पडेल.

परंतु आईचे एक वागणे मला तेव्हा उमगत नसे. तवा परत करताना ती तो घासूनपुसून देई, आणि त्यावर काहीतरी ठेवी: चार मिरच्या, कोथिंबिरीची जुडी, कधी नुसता गुळाचा खडा. आमच्याच घरी चणचण, आणि हे कशाला, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “रिकामं परत द्यायचं नसतं रे. उद्या पुन्हा मागायला जायचंय ना!”

एवढेच. त्यात तत्त्वज्ञान नव्हते. पण मावशींच्या शेंगा पाहून मला ते वाक्य ऐकू आले. ज्या बाईकडून मी खुर्ची काढून घेतली होती तिने, उद्या पुन्हा मागण्याचा आपला हक्क शेंगांच्या रूपाने माझ्या दारात ठेवला होता. आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे शून्य होते.

ते शून्य खोटे होते काय? रात्री पुष्कळ विचार करूनही मला ते खोटे म्हणता येईना. नातीला मी सारे सांगितले. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “आजोबा, त्यांच्याही नावावर पंचेचाळीस लिहून टाका ना!” मी म्हणालो, “तसं केलं तर वही बिघडेल आणि मावशींचं काहीच सुधारणार नाही. नसलेली बचत लिहून कोणाची प्रतिष्ठा वाढत नाही, बाळ.” हवेला नीती कळत नाही. तिला गरीब-श्रीमंत कळत नाही. जी खुर्ची घडलीच नसती, ती न घडल्याने हवेत काही फरक पडत नाही, हे सत्य आहे. आणि सत्य गैरसोयीचे झाले म्हणून खोडावयाचे नसते.

मग चूक कोठे होती? मला वाटते, ती शून्यात नव्हती. मी त्या शून्याला ज्या आसनावर बसवले त्यात होती.

या हिशेबाचा स्वभावच मोठा विचित्र आहे. घडलेल्या गोष्टींचा जमाखर्च सोपा असतो. हा जमाखर्च न घडलेल्या गोष्टींचा आहे. मी काय केले, हे तो विचारीत नाही; मी एरवी काय केले असते, हे विचारतो. म्हणून ज्याची खर्च करण्याची ऐपत मोठी त्याची बचतही मोठी दिसते. जो रोज मोटार काढतो त्याने एक दिवस ती ठेवली की बचत झाली. जो जन्मभर पायी चालला त्याची बचत शून्य. थोरामोठ्यांनीही हा पेच अनुभवला आहे. १९९७ च्या क्योतो करारात अशी योजना होती की, विकसनशील देशात धूर कमी करणारा प्रकल्प उभारून त्याचे श्रेय श्रीमंत देशाने आपल्या खात्यावर घ्यावे. अट ही की, तो प्रकल्प नसता तर ही घट झालीच नसती, असे दाखवता आले पाहिजे. हिशेब म्हणून अट अगदी योग्य आहे. ती नसती तर लबाडीला ऊत आला असता. पण तिचा अर्थ असाही होतो की, जो मुळात धूर करणारच नव्हता त्याच्यापाशी विकण्याजोगे काही नाही. सद्वर्तनाला त्या बाजारात भाव नाही. सुधारलेल्या उधळपट्टीला आहे.

दोन माणसांकडे एकच वस्तू नसते. पण एकाने ती घेतलेली नसते आणि दुसऱ्याला ती मिळालेली नसते. आपण दोघांनाही ‘कमी गरजांचे’ म्हणतो आणि मोकळे होतो. मावशींच्या वर्षाच्या साऱ्या धुराची बेरीज केली तर ती माझ्या एका महिन्याच्या विजेच्या, गॅसच्या आणि पेट्रोलच्या आसपास येईल की नाही याची मला शंका आहे. ते त्यांचे पुण्य म्हणावे काय? नाही. त्यांना पंखा हवा आहे, फ्रीज हवा आहे, सासूसाठी खुर्ची हवी आहे. त्यांच्या न मिळण्याला साधेपणा म्हणून गौरवणे हा एक अन्याय, आणि त्यांच्या नावापुढे शून्य पाहून त्यांना रांगेत मागे ढकलणे हा दुसरा. पहिला अन्याय कवी करतात. दुसरा मी केला.

येथे आपल्या जुन्या शेजारधर्माचे गोडवे गाणाऱ्यांनाही थोडे थांबावयास हवे. त्यांत मीही आहे. देवळातील भांडी सर्वांची होती म्हणतो तेव्हा ‘सर्व’ म्हणजे कोण, हे आपण विचारीत नाही. पाणी हे तर सर्वांत अधिक वाटून घेण्याजोगे. पण महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह जावे लागले. ज्याच्यापाशी मागण्याचाही अधिकार नाही त्याला उसनवारीचे सुख कोठले? उसने मागता येणे, हीच एक प्रतिष्ठा आहे. मी पायरीवर बसून रुसलो होतो खरा, पण त्या पायरीपर्यंत मला येऊ दिलेले होते. वाटून घेण्याची कोणतीही व्यवस्था पारखावयाची झाल्यास, तिने किती वाचवले याच्या आधी, तिच्या पायरीवर कोणाला येता येते, हे पाहावे लागेल.

असो. चौथ्या दिवशी मावशी जरा उशिरा आल्या आणि कमरेला हात लावून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मी विचारले नाही, माझी पत्नी म्हणाली, “काय झालं हो?” त्या म्हणाल्या, “काही नाही, सासूबाईंना मोरीपर्यंत उचलून नेते ना, लचक भरली.” उचलून नेले असते, असे त्या म्हणाल्या होत्या. त्याप्रमाणे उचलून नेत होत्या. माझ्या रकान्यातील उत्तर शब्दशः खरे ठरले होते.

धनत्रयोदशीला लोक सोन्याच्या नाही तर भांड्याच्या दुकानात जातात. मी पत्नीला बरोबर घेऊन इस्पितळाच्या साहित्याच्या दुकानात गेलो आणि चाकांची एक खुर्ची विकत आणली. अठरा किलोंची, पोलादाची. मावशींना ती दान म्हणून दिली नाही. तेवढे शहाणपण शेंगांनी शिकवले होते. ती भांडाराच्या वहीत चढवली, मावशींची सही घेतली, आणि त्यांना म्हणालो, “मावशी, आधी नेलेली मी परत मागायला नको होती. चूक झाली.” त्या म्हणाल्या, “असू द्या काका, त्या आजींनाही लागतच होती की.” हा विचार माझ्या वहीने केला नव्हता. त्या आजींनाही लागतच होती. दोन माणसांना एकाच वेळी बसावयाचे असेल तर एक खुर्ची पुरत नाही, हे समजण्यास सदतीस वर्षे हिशेब लिहावा लागत नाही.

घरी येऊन मी वहीत नावे बाजूला पंचेचाळीस किलो लिहिले. तीनशे चाळीसातून वजा जाता दोनशे पंचाण्णव. तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनी जी खुर्ची घेतली नाही ती मी घेतली. हवेच्या दृष्टीने पाहता काहीच घडले नाही. पाडव्याच्या संमेलनात नातीने तोच आकडा वाचून दाखवला. नऊ टनांची अपेक्षा असलेल्या मंडळींनी टाळ्या जरा बेतानेच वाजवल्या. मग मी दोन मिनिटे मागून घेतली आणि एवढेच सांगितले की, हा आकडा पुढच्या वर्षी कोणती वस्तू विकत घ्यावी आणि कोणती घेऊ नये, मोटार काढावी की पायी यावे, हे ठरवण्यास उपयोगी आहे, तेवढ्यासाठी तो जरूर पाहावा. पण वस्तू कोणाला द्यावी, हे ठरवताना ही वही मिटून ठेवावी. त्यासाठी, कोणाला अधिक गरज आहे, असा जुना साधा प्रश्न पुरेसा आहे. एकदोघांनी विरोध केला. बाहेरच्यांनी वस्तू मोडली तर जबाबदार कोण, असे विचारले गेले. प्रश्न रास्त होता आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी, ज्या सभासदाची सही असेल त्याने दुरुस्तीची हमी घ्यावी, असे ठरले. मावशींच्या सहीखाली माझी सही आहे.

नवी खुर्ची वर्षभरात आणखी चार घरी जाऊन आली. त्या चारांपैकी किती जणांनी विकत घेतली असती, हे मी विचारले आहे. रकाना चालूच आहे, कारण हवेचा हिशेब हवेला द्यावाच लागतो. मात्र गेल्या महिन्यात मी एक गोष्ट केली, ती कोणत्याच रकान्यात बसत नाही. घराच्या एका दाराची फळी खालून फुगली होती, ती जरा तासावयाची होती. रंधा तेवढा माझ्याकडे नाही. बाजारात जाण्यास निघालो आणि जिन्यात थांबलो. मग समोरच्या बिऱ्हाडाची घंटा वाजवली आणि साठ वर्षांत प्रथमच म्हणालो, “जरा रंधा मिळेल का?”

ते गृहस्थ म्हणाले, “या ना काका, बसा. शोधावा लागेल, जरा थांबावं लागेल.”

मी थांबलो. परत करताना रंध्याबरोबर पत्नीने वाटीभर चिवडा दिला. ती वाटी अजून आमच्याकडे परत आलेली नाही. तिच्यावर आमचे नाव आहे, आणि दिवाळी तर तोंडावर आली आहे.